लिनक्सवर माउस पुन्हा पुन्हा अडकतो तेव्हा दोष नेमका कुठे शोधायचा

माउस अडकतो. काढून परत लावला की चालू होतो. दोन-चार दिवस बरे जातात आणि परत तेच. ठाण्यातल्या एका अभ्यासिकेचे आणि महापे एमआयडीसीतल्या एका छोट्या कार्यालयाचे लिनक्स संगणक मी सांभाळतो, आणि दोन्हीकडून सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर असे संगणक आणखी वाढले. कार्यालयांनी काढून टाकलेला डेस्कटॉप, त्यावर लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू, आणि समोर स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी. अर्जाची मुदत रात्री बाराची असते आणि पावणेबाराला कर्सर जागेवर थिजतो. म्हणून "यूएसबी काढून परत लाव" एवढ्यावर ही तक्रार सोडून द्यायला माझं मन होत नाही.

पहिला संशय सगळेजण ड्रायव्हरवर घेतात. मग कोणी पॅकेज परत टाकतं, कोणी सगळी सिस्टिमच नव्याने बसवतं. साध्या माउससाठी लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर आणून बसवायचा नसतो, तो कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच असतो. आणि ज्याला आपण सरसकट ड्रायव्हर म्हणतो ती एक गोष्ट नसून एकावर एक रचलेले थर आहेत. सगळ्यात खाली खुद्द माउस, त्याची केबल किंवा डोंगल आणि पोर्ट. त्यावर कर्नल: त्यातला यूएसबीएचआयडी हा भाग माउस ओळखतो आणि डेव्ह/इनपुट या फोल्डरात त्याच्यासाठी एक इव्हेंट फाइल उघडतो. त्या फाइलमधून येणारे आकडे लिबइनपुट वाचतं आणि वेग, क्लिक, स्क्रोल यांचा अर्थ लावतं. शेवटी पडद्यावरचं चित्र सांभाळणारा एक्स सर्व्हर किंवा वेलँडचा कंपोझिटर कर्सर हलवतो. नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी गच्चीवरची टाकी बघतो, मग व्हॉल्व्ह, आणि नळाला हात सगळ्यात शेवटी लावतो. इथेही तसंच उगमापासून, म्हणजे खालच्या थरापासून वर यायचं. दोष एका थरात आणि इलाज दुसऱ्या थरावर, असं झालं की तक्रार परत येणारच.

कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलात त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा.

अडकलेला माउस लगेच काढू नका

माउस उपटला की पुरावा गेला. म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांना मी एकच विनंती करून ठेवली आहे: माउस अडकला तर हात लावू नका, मला हाक मारा. कीबोर्ड चालत असतो, तेवढा पुरतो. कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल उघडा आणि "सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू" द्या. कर्नल काय बोलतंय ते दिसू लागेल. आता माउस हलवा, क्लिक करा आणि नव्या ओळी येतात का ते बघा.

त्यानंतर "सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स". ही कमांड नसेल तर उबुंटू, मिंट, डेबियनवर लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका. ते आजच टाकून ठेवलेलं बरं, कारण माउस अडकल्यावर इंटरनेट शोधत बसायला वेळ नसतो. त्याहून खालच्या थरासाठी ईव्हीटेस्ट. तो थेट इव्हेंट फाइल वाचतो, लिबइनपुटला मध्ये घेत नाही.

या तीन खिडक्यांवरून निकाल लागतो. कर्नलच्या लॉगमध्ये "यूएसबी डिस्कनेक्ट" दिसलं तर दोष वायर, पोर्ट किंवा वीजपुरवठ्याचा. माउस ईव्हीटेस्टच्या यादीत आहे, कर्नल गप्प आहे, पण ईव्हीटेस्टमध्ये हालचालीचा एकही आकडा उमटत नाही, तर माउस झोपलाय किंवा डोंगल आणि माउस यांच्यातला संबंध तुटलाय. ईव्हीटेस्टमध्ये आकडे धावताहेत आणि कर्सर मात्र ढिम्म, तर गडबड वरच्या थरात. ही विभागणी झाल्याशिवाय मी कुठल्याच पॅकेजला हात लावत नाही.

लॉगमध्ये आणखी एक खूण लपलेली असते. यूएसबी उपकरण जोडलं की कर्नल त्याला क्रमांक देतं, आणि तेच उपकरण तुटून परत जोडलं गेलं की पुढचा क्रमांक मिळतो. सकाळपासून कोणी माउसला हात लावलेला नसताना लॉगमध्ये त्याचा क्रमांक चाळिसाच्या घरात गेलेला दिसला, तर तो दिवसभर आपोआप तुटत-जुळत होता हे उघड आहे. वापरणाऱ्याला तेवढंच "मधूनमधून अडकतो" असं वाटतं.

झोपणारा माउस

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींमध्ये याचा वाटा मोठा. लक्षण ठरलेलं असतं: काही सेकंद हात काढला आणि परत हलवला तर कर्सर हलत नाही, एखादी क्लिक केली की जागा होतो. कारण यूएसबीची वीज वाचवणारी सोय, म्हणजे ऑटोसस्पेंड. कर्नलमध्ये तिची मुदत मुळात २ सेकंदांची आहे. पुष्कळ माउस नुसत्या हलवण्याने जागे होत नाहीत, त्यांना बटण दाबावं लागतं.

पण कर्नल आपणहून साध्या माउसला झोपवत नाही. कोणीतरी ती सोय चालू केलेली असते, आणि तो कोणीतरी बहुधा पॉवरटॉप हे वीज वाचवणारं साधन असतं. लॅपटॉपची बॅटरी टिकावी म्हणून लोक त्याची ऑटो-ट्यून सेवा बूटला जोडून ठेवतात. ती समोर दिसेल त्या प्रत्येक यूएसबी उपकरणावर वीजबचत लावते, माउसवरही. टीएलपी हे तसंच दुसरं साधन या बाबतीत जास्त विचारी आहे. यूएसबीएचआयडीवर चालणारे माउस आणि कीबोर्ड ते स्वतःहून वगळतं. म्हणून दोन्ही एकत्र बसवलेले दिसले तर मी पॉवरटॉपची सेवा बंद करतो आणि टीएलपी राहू देतो.

खात्री अशी करायची. सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस या फोल्डरात प्रत्येक उपकरणाचं उपफोल्डर असतं, १-२ किंवा १-४ अशा नावाचं. माउस कुठल्या उपफोल्डरात आहे ते डीएमईएसजीमध्ये त्याच आकड्यांनी लिहिलेलं असतं. त्यातल्या पॉवर फोल्डरातली कंट्रोल ही फाइल उघडा. तिथे "ऑटो" असेल तर झोपेला परवानगी आहे, "ऑन" असेल तर नाही. रूटच्या अधिकाराने त्या फाइलीत "ऑन" लिहा आणि तासभर वापरून बघा. फरक पडला तर कारण सापडलं.

हा बदल रीबूटनंतर पुसला जातो. कायमचा करायचा तर यूडेव्हचा, म्हणजे उपकरण जोडलं की त्याची सेटिंग लावणाऱ्या सोयीचा, नियम लागतो. एट्सी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये एक छोटी फाइल करायची, तिच्यात एलएसयूएसबी या कमांडने दाखवलेले माउसच्या विक्रेत्याचे आणि उत्पादनाचे क्रमांक द्यायचे, आणि उपकरण जोडलं जाताच पॉवर/कंट्रोलचं मूल्य "ऑन" करायला सांगायचं. इथेच पुष्कळांची निराशा होते, कारण नियम बरोबर लिहूनही माउस झोपतच राहतो. यूडेव्ह आपलं काम बूटच्या सुरुवातीला करतं आणि पॉवरटॉपची सेवा नंतर येऊन ते पुसून टाकते. म्हणून आधी "सिस्टमसीटीएल" ने ती सेवा बंद करा, मग नियमाचा विचार करा. बहुतेक वेळा सेवा बंद केल्यावर नियमाची गरजच उरत नाही.

याच घरातला एक विचित्र प्रकार म्हणजे कोणी वाचत नसेल तर साधारण दर मिनिटाला स्वतःच तुटणारा माउस. काही स्वस्त माउसमधली चिपच तशी असते. एक्स किंवा वेलँड चालू असताना ती नीट वागते, पण मजकुराच्या कन्सोलवर गेलात की लॉग "डिस्कनेक्ट" च्या ओळींनी भरून जातो. कर्नलकडे अशा माउसची यादी आहे आणि त्यांना ते सतत विचारत राहतं. तुमचा माउस त्या यादीत नसेल तर बूटच्या ओळीत यूएसबीएचआयडीच्या क्वर्क्स या पर्यायात त्याचे दोन क्रमांक आणि ०x४०० हे मूल्य देऊन तेच करून घेता येतं.

वायर, पोर्ट आणि खाडीची हवा

डीएमईएसजीमध्ये "एरर -७१" दिसला तर यूएसबीवरचं बोलणं बिघडून पोचतंय, "-११०" दिसला तर उत्तरच वेळेत येत नाही. दोन्हींचं मूळ बहुतेकदा धातूत आणि वायरीत असतं. ड्रायव्हर परत बसवून ते जात नाही.

ठाण्यात आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते ते कपाटातल्या चपलांनाही माहीत असतं. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी हा सगळा पट्टा खाडीलगतचा. यूएसबीच्या पितळी पट्ट्यांवर थर धरतो, आणि तो माउसच्या टोकापेक्षा पोर्टच्या आत जास्त असतो. पावसाळ्यात तक्रारी वाढल्या तर मी आधी मशीन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसतो आणि माउस मागच्या पोर्टला लावतो. मागची पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढची पोर्ट एका बारीक वायरीने आतल्या पिनांवर अडकवलेली असतात, आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती वायर सैल झालेली आढळते.

अभ्यासिकेत आणखी एक कारण सापडलं, ते तिथल्या वापरातलंच होतं. मुलं पुढच्या पोर्टला फोन चार्जिंगला लावतात. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यावेत अशी अपेक्षा असते, ३.० च्या पोर्टने ९००. भुकेला फोन तेवढ्यावर थांबतोच असं नाही, आणि शेजारच्या पोर्टावरचा माउस अडखळतो. लॉगमध्ये "ओव्हर-करंट" शब्द आला तर हेच समजा. टेबलाशी एक साधा चार्जर ठेवला आणि त्या मशीनची तक्रार थांबली.

संशय माउसवर असेल तर अदलाबदल करा, पण दोन्ही बाजूंनी. बिघडलेल्या मशीनचा माउस चांगल्या मशीनला आणि चांगल्याचा बिघडलेल्याला. दोष माउसबरोबर गेला की मशीनबरोबर राहिला हे दुसऱ्या दिवशी कळतं. एकाच बाजूने बदललं तर अर्धंच उत्तर मिळतं.

वायरलेस माउसचं दुखणं वेगळं. त्यांचं डोंगल २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं आणि यूएसबी ३.० ची वाहतूक त्याच पट्ट्यात गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण काढलं होतं. डोंगल निळ्या पोर्टात आणि त्याला खेटून बाहेरची हार्ड डिस्क, अशी मांडणी असली की डिस्कवर फाइल कॉपी होत असतानाच माउस तुटक चालतो. महाप्याच्या कार्यालयात दर शुक्रवारी बॅकअपच्या वेळी माउस खराब होतो अशी तक्रार होती. ती अशा मांडणीमुळेच. यूएसबीची हातभर लांब एक्स्टेंशन वायर घ्या, डोंगल माउसच्या जवळ टेबलावर आणा, शक्य असेल तर काळ्या, म्हणजे २.० च्या पोर्टात लावा. त्याआधी बॅटरी बदलून बघा, हे सांगायलाच नको.

एक क्लिक केली आणि दोन झाल्या, फाइल ओढताना मध्येच सुटली, ही तक्रारही "ड्रायव्हर" म्हणून माझ्याकडे येते. आत बटणाखाली छोटा स्विच असतो, तो झिजला की एका दाबात दोन-तीनदा टेकतो. लिबइनपुट अशा उड्या काही मिलिसेकंदांच्या मर्यादेत गाळून टाकतं, पण स्विच फारच झिजला तर त्याचाही निरुपाय होतो. डीबग-इव्हेंट्समध्ये एकाच दाबाला दाबलं-सोडलं अशी जोडी दोनदा उमटली, की स्विच बदलायची वेळ झाली. सोल्डरिंगचा डाग लावता येणाऱ्या माणसाकडे हे काम थोड्या पैशांत होतं, आणि चांगल्या माउससाठी ते करून घ्यावं.

आकडे धावतात, कर्सर हलत नाही

आता वरचा थर. आधी "इको" ने एक्सडीजी-सेशन-टाइप या व्हेरिएबलचं मूल्य बघा (नावाआधी डॉलरची खूण, नावात जोडरेघांच्या जागी अंडरस्कोअर, सगळी अक्षरं मोठी). एक्स११ की वेलँड हे कळल्याशिवाय पुढचा कुठलाच सल्ला लागू पडत नाही. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप अजून मुळात एक्सवर चालतो. उबुंटूने मात्र २५.१० पासून ग्नोमचं एक्स सेशन काढून टाकलं. जुन्या लेखांमधल्या एक्सइनपुटच्या कमांड वेलँडवर दिल्या की यादीत खऱ्या माउसऐवजी एक्सवेलँडचा पॉइंटर दिसतो. माणूस समजतो की माउस सापडतच नाही, आणि ड्रायव्हर शोधायला निघतो. वेलँडवर एक्सइनपुटचा निकाल पुरावा म्हणून धरू नका, डीबग-इव्हेंट्सचा धरा.

एक्सवर असाल तर एक्सऑर्गचा, म्हणजे एक्स सर्व्हरचा लॉग वाचा. मिंटवर तो व्हार/लॉगमध्ये असतो, काही सिस्टिमवर होम फोल्डरातल्या लपलेल्या .लोकल/शेअर/एक्सऑर्गमध्ये. त्यात "युझिंग इनपुट ड्रायव्हर" अशी ओळ शोधा. माउसपुढे लिबइनपुट असायला हवं. फेडोरा २२ ने २०१५ मध्ये एक्ससाठी लिबइनपुट मुळात स्वीकारलं आणि बाकीचे त्यामागे आले, त्यामुळे ईव्हीडेव्ह आणि सिनॅप्टिक्स हे जुने ड्रायव्हर आज मुद्दाम बसवल्याशिवाय येत नाहीत. पण वर्षानुवर्षं अपग्रेड होत आलेल्या मशीनवर ते मागे राहून जातात. एक्स आपल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचतं आणि नंतरचं आधीच्यावर मात करतं. लिबइनपुटच्या फाइलचा आकडा ४०, सिनॅप्टिक्सच्या फाइलचा ७०. म्हणून पॅकेज शिल्लक असेल तर लॅपटॉपचा टचपॅड गुपचूप सिनॅप्टिक्सकडे जातो, सेटिंगमधले पर्याय गायब होतात आणि कुणाला कारण कळत नाही. ते पॅकेज काढा, लॉग आऊट करून परत या. कोणी पूर्वी हाताने लिहिलेली एक्सऑर्ग.कॉन्फ एट्सी/एक्स११ मध्ये पडलेली असेल तर तिचंही नाव बदलून ठेवा.

अर्धवट अपग्रेडनंतर कधी कधी एक्सचं लिबइनपुट पॅकेजच निघून जातं. मग लॉगिनच्या पडद्यावर माउस आणि कीबोर्ड दोन्ही मेलेले असतात. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ही चालत नाही, कारण त्या कळा एक्सच ऐकत असतं आणि एक्सला आता काहीच ऐकू येत नाही. इथे लोक घाबरून सिस्टिम पुसतात. तसं करू नका. संगणक सुरू होतानाच्या ग्रबच्या मेनूत मात्र कीबोर्ड चालतो. तिथून रिकव्हरी मोडमध्ये जा, नेटवर्क चालू करा आणि एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-लिबइनपुट हे पॅकेज टाका. एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) चालू असेल तर दुसऱ्या मशीनवरूनही हेच करता येतं.

कर्सर हलतो पण मागेमागे येतो, लॉगमध्ये लिबइनपुट "युअर सिस्टिम इज टू स्लो" असं लिहितं, तर माउसचा विषय सोडा. कंपोझिटर किंवा एक्स वेळेवर इव्हेंट उचलत नाहीये, एवढाच त्याचा अर्थ. ४ जीबी रॅमच्या मशीनवर ब्राउझरचे वीस टॅब उघडले की स्वॅप, म्हणजे रॅमऐवजी डिस्कचा वापर, सुरू होतो आणि कर्सर त्यात अडकतो. रॅम वाढवणं हाच खरा उपाय, तोवर झेडरॅम (रॅममधला मजकूर दाबून साठवणारी सोय) लावून थोडं निभावतं.

वेग किंवा डाव्या हाताची बटणं दर रीबूटला परत जुनी होत असतील तर कारण सोपं आहे. एक्सइनपुटने केलेला बदल माउस काढला किंवा मशीन बंद केलं की जातो, आणि लॉगिननंतर डेस्कटॉप आपली मूल्यं लावतो. बदल डेस्कटॉपच्या माउस सेटिंगमधूनच करा. नव्या सिस्टिमवर माउस "वेगळाच पळतो" असं वाटलं तर तिथे ॲक्सलरेशनची फ्लॅट पद्धत निवडून बघा.

झोपेतून उठल्यावर

लॅपटॉप बंद करून उघडला की टचपॅड गेला, या तक्रारीत "मॉडप्रोब -आर" ने मॉड्यूल, म्हणजे कर्नलचा त्या उपकरणासाठीचा तुकडा, काढून परत चढवणं हा खरा तपास आहे. कुठलं मॉड्यूल ते डीएमईएसजीवरून ठरतं: जुन्या जोडणीवर पीएसमाउस, नव्या लॅपटॉपवर आय२सी-एचआयडीचं कुटुंब. पीएसमाउसच्या नावाने "लॉस्ट सिंक्रोनायझेशन" च्या ओळी येत असतील तर सिनॅप्टिक्स-इंटरटच हा पर्याय ० आणि १ असा दोन्ही प्रकारे देऊन बघा. परत चढवल्याने टचपॅड जिवंत झाला, तर तेच काम सिस्टमडीच्या सिस्टम-स्लीप फोल्डरातल्या छोट्या स्क्रिप्टकडून "पोस्ट" टप्प्यात करून घ्या. स्क्रिप्टला एक्झिक्यूटची परवानगी द्या, नाहीतर ती नुसती पडून राहील.

त्रास एखाद्या अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर ग्रबमधल्या "ॲडव्हान्स्ड" पर्यायातून मागचं कर्नल चालवा आणि दोन दिवस त्यावर काढा. त्यावर माउस नीट चालला तर दोष नव्या कर्नलचा, आणि तो वितरणाच्या बगनोंदीत कळवायला हवा. दोन्ही कर्नलच्या आवृत्त्या, एलएसयूएसबीमधले माउसचे क्रमांक आणि घटनेच्या वेळचा डीएमईएसजी एवढं त्यात द्या. दोष लिबइनपुटचा वाटत असेल तर "सुडो लिबइनपुट रेकॉर्ड" चालू करून माउस चुकेपर्यंत वापरा आणि तयार झालेली फाइल फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर जोडा. नोंद थोडक्यात ठेवा. चूक घडली की लगेच थांबवा, आणि ती कितव्या सेकंदाला घडली ते सोबत लिहा, म्हणजे तपासणाऱ्याला हजारो ओळी चाळाव्या लागत नाहीत.